घरातले टाक, कुळदैवत आणि ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय: अनन्य भक्ती म्हणजे नक्की काय?

मनवा_सातारा

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे पण मनापासून विचारतेय, प्लीज पूर्ण वाचा.

आमचं कुळदैवत जेजुरीचा खंडोबा, कुळस्वामिनी तुळजापूरची भवानी. देवघरात दोघांचे टाक (चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या देवाच्या छोट्या मूर्ती) आहेत, सासूबाईंच्या सासूबाईंच्या हातचे, चांदी इतकी झिजलीय की खंडोबाच्या घोड्याचे पाय बोटाला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत. मार्गशीर्षात घट आणि सहा दिवस दिवा, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि तळी, नवरात्रात माळा, गणपती दीड दिवसाचा, श्रावणी सोमवारी मी बेल वाहते. आणि हे सगळं करून एकादशीही धरते कारण माहेर वारकरी.

धाकट्या दिरांनी वारकरी होऊन तुळशीची माळ घातली, त्याचा आनंदच आहे. पण आता ते म्हणतात हे सगळं बंद करा, टाक नदीत सोडा, देवघरात एक विठ्ठल ठेवा, बाकी सगळा व्यभिचार आहे. असे शब्द ऐकून सासूबाई जेवल्या नाहीत त्या दिवशी. पुरावा म्हणून त्यांनी ज्ञानेश्वरीच वाचून दाखवली. मला वाटलं ओढूनताणून सांगतायत, म्हणून स्वतः पोथी उघडली तर खरंच आहे हो! तेराव्यात, अज्ञानाची लक्षणं सांगताना, आठशेव्या ओवीच्या पुढे. "एकादशीच्या दिवशीं । जेतुला पाडु आम्हांसी । तेतुलाचि नागांसी । पंचमीच्या दिवशीं." म्हणजे एकादशीला जेवढा मान आम्हाला, तेवढाच पंचमीला नागांना. मग चौथ आली की गणेशाचाच, चतुर्दशीला दुर्गे माये तुझाच, रविवारी भैरवाचं पात्र, सोमवार आला की बेल घेऊन लिंगाकडे धाव. माझं अख्खं कॅलेंडरच आहे ते. आणि असं करणाऱ्याला माऊली वेशीवरच्या बाईची उपमा देतात. दोन रात्री झोप नाही नीट.

गीतेतला मूळ शब्द "भक्तिरव्यभिचारिणी" असा आहे एवढं कळलं. कुणी म्हणतं याचा आतला अर्थ वेगळा आहे. पण आतला अर्थ म्हणजे आपल्या सोयीचा अर्थ असं तर नाही ना? मला सोय नकोय. माऊलींना खरंच काय म्हणायचंय ते हवंय.

पायी_वारी_आळंदी

राम कृष्ण हरी माऊली.

तुमच्या दिरांचं बोलणं कडक आहे पण बिनबुडाचं नाही हे आधी सांगतो. वारकऱ्याला निष्ठा लागतेच. तुकोबा म्हणतात "पतिव्रते जैसा भ्रतार प्रमाण । आम्हां नारायण तैशापरी". आज इकडे नवस, उद्या तिकडे, असं करत राहिलं की मन कुठेच मुक्काम करत नाही, हे नामाला बसणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने माहितीय.

पण तेच तुकोबा "विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म । भेदाभेद भ्रम अमंगळ" असंही म्हणतात. एकाच तोंडचे दोन्ही अभंग. पहिला धरून दुसरा सोडला तर तो अर्धा वारकरी. आणि माळ आपण आपल्या गळ्यात घालतो, तिचा नियम आपल्याला. म्हाताऱ्या आईला अन्न गोड लागू नये असं बोलणं कुठल्या नियमात बसतं ते त्यांना प्रेमाने विचारा.

ओवी_दर_ओवी

ताई, तुम्ही पोथी उघडून स्वतः बघितलंत हे फार चांगलं केलंत, आता त्याच जागी जरा मागेपुढे वाचू. लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे ती ओव्यांची माळ सुरू कुठून होते ते बघा. तुमच्या दिरांनी बहुतेक "माझी मूर्ति निफजवी" पासून वाचलं असेल, सगळे तिथूनच उचलतात. त्याच्या थोडं वर जा. तिथे असा माणूस आहे की जो देवाला भजतो ते काहीतरी मिळावं म्हणून, आणि भजूनही ते मिळालं नाही की हे सगळं टवाळ आहे म्हणून सोडून देतो, मग दुसरा देव मांडतो, त्याचीही तीच गत. ज्या गुरूचा बडेजाव दिसेल त्याचा मंत्र घ्यायचा, बाकीच्यांना मोजायचं नाही. आणि मग येतं: "प्राणिजातेंसीं निष्ठुरु । स्थावरीं बहु भरु." जित्या जिवांशी कठोर आणि दगडाधोंड्याच्या देवांपुढे मोठा भर. हे वाचल्यावर मग ती मूर्ती घडवून घराच्या कोपऱ्यात बसवणं, स्वतः दुसऱ्या देवांच्या जत्रेला निघणं, एकादशी, पंचमी, चौथ, सोमवार. म्हणजे माऊलींनी ज्याला पकडलंय तो खूप देव असलेला माणूस नाही, तो देवांकडून देवांकडे काम काढायला फिरणारा माणूस आहे. त्याच्या घरात उद्या एकच विठ्ठल ठेवा, तो त्या विठ्ठलाशीही तेच करेल. (आणि जेवणाच्या पानावर आईला रडवणारी निष्ठा "प्राणिजातेंसीं निष्ठुरु" मध्ये बसते का, हा प्रश्न माझ्या मनात आला तो लिहून टाकतो.)

दुसरं, ही अज्ञानाची लक्षणं सुटी नाहीत. गीतेत फक्त "अज्ञानं यदतोऽन्यथा" एवढंच आहे, ज्ञानाची लक्षणं सांगितली, त्याच्या उलट ते अज्ञान, बस. माऊलींनी त्या अर्ध्या ओळीवर ओव्यांमागून ओव्या लिहिल्या, आणि वर जे ज्ञानाचं एकेक लक्षण आलंय त्याचं उलटं चित्र काढलं. म्हणजे देवांकडे धावाधाव करणारा हा माणूस कशाचं उलटं आहे? तर बरोब्बर "मयि चानन्ययोगेन भक्तिरव्यभिचारिणी" याचं. मग सुलटं चित्र माऊली कसं काढतात ते बघायला नको का? सहाशेच्या आसपास आहे. सुरुवात अगदी तुमच्या दिरांना आवडेल अशी, "मीवांचूनि कांहीं । आणिक गोमटें नाहीं" असा काया-वाचा-मनाने निश्चय. नवऱ्यापुढे जाताना बायकोला जसा अंगात-जिवात संकोच नसतो तसं सरळ होणं. आणि मग एकदम उडी आहे:

"मिळोनि मिळतचि असे । समुद्रीं गंगाजळ जैसें । मी होउनि मज तैसें । सर्वस्वें भजती."

मी होऊन मला भजतात! गंगा समुद्राला मिळून चुकलीय आणि तरी मिळतेच आहे. इथे देव एक का अनेक हा हिशोबच मागे पडला. भजणारा वेगळा उरला तरच दुसऱ्या कुणाकडे जाण्याचा प्रश्न.

तिसरं आणि माझ्या मते हीच किल्ली. "अव्यभिचार" हा शब्द गीतेत चौदाव्यात पुन्हा येतो, श्लोक 26. आणि तिथे माऊली या शब्दाची सरळ व्याख्याच करतात, आपल्याला अंदाज बांधायची गरजच ठेवत नाहीत. तिथले दृष्टांत सावकाश वाचा. थिजलेलं तूप तूप आहे हे कळायला ते वितळवावं लागत नाही. कांकण सोनं आहे हे कळायला ते आटवावं लागत नाही. कापड उसवल्याशिवायही दोराच आहे, घडा विरघळवल्याशिवायही मातीच आहे. आणि मग:

"म्हणौनि विश्वपण जावें । मग तैं मातें घ्यावें । तैसा नव्हे आघवें । सकटचि मी."

जग बाजूला सारलं की मग मी सापडेन, असा मी नाही. सगळ्यासकट मी. आणि लगेच पुढे, असं जाणणं हीच अव्यभिचारी भक्ती, "येथ भेदु कांहीं देखिजे । तरी व्यभिचारु तो".

ताई, ही ओळ दिरांना दाखवा. व्यभिचार शब्द ज्यांनी तुमच्या घरात आणला त्यांना त्याची माऊलींची स्वतःची व्याख्या माहीत असायला हवी. भेद बघणं म्हणजे व्यभिचार. खंडोबा वेगळा, विठ्ठल वेगळा, मी वेगळी, म्हणून एकाला हाकला, हे म्हणणंच या ओवीच्या कचाट्यात येतं. घोड्यावरचा टाक आणि विटेवरची मूर्ती यात ज्याला दोन दिसतात त्याने एक टाकून दिला तरी दोन दिसायचं थांबत नाही.

आणि शेवटचं. चौथीला गणेशाचा होणाऱ्याला अज्ञानी म्हणणारे माऊली स्वतःचा ग्रंथ कसा सुरू करतात? पहिली ओवी आद्य आत्मरूपाला नमन. दुसरीच ओवी, "देवा तूंचि गणेशु । सकलार्थमतिप्रकाशु". तूंचि. त्याच आत्मरूपाला. मग अकार हे चरण, उकार हे पोट, मकार हे मस्तक असा सगळा गणपती ॐकारात उभा केला. त्याच्यामागून शारदा, मग गुरू. नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 ला, हा ग्रंथ झाला आणि त्याचं दारच गणपतीने उघडलंय. तोही अनन्य राहूनच.

सरळ_प्रश्न

ओवी_दर_ओवी, लिहिलंय सुंदर, पण मला पटलं नाही पूर्ण. ताईंनी स्पष्ट विचारलंय की सोयीचा अर्थ नको आणि तुम्ही शेवटी दिलात तो सोयीचाच ना? सगळं एकच आहे म्हटलं की मग काहीही करायला मोकळे. सत्यनारायण करा, शनीला तेल घाला, बाबांकडे जा, सगळ्याला "सकटचि मी" चं लायसन्स.

नवव्या अध्यायाचं काय करणार? 23 वा श्लोक. अन्य देवतांचे भक्तसुद्धा मलाच भजतात पण अविधिपूर्वक. माऊली तिथे सांगतात फांद्या पानं एकाच बीजाची असली तरी पाणी मुळालाच घालायचं असतं. आणि पुढे तर रसोई चांगली झाली म्हणून ती कानात भरायची का, फुलं आणून डोळ्याला बांधायची का. म्हणजे एकच देह असला तरी खायचं तोंडानेच. हे तर सरळ सरळ सांगणं आहे की सगळं एक असलं तरी भजायचं एकालाच. आतला अर्थ बाहेरच्या अर्थाला खाऊन टाकत असेल तर मला तो संशयास्पद वाटतो.

भाष्य_वाचक

थोडंसं मध्येच. त्याच्या आधीचा श्लोक 22, "अनन्याश्चिन्तयन्तो मां". शंकराचार्य तिथे अनन्य म्हणजे "अपृथग्भूताः" (वेगळे न उरलेले) असं लिहितात, नारायणाला आत्मा म्हणून गेलेले. माऊली तर स्वतः म्हणतात की मी भाष्यकारांना वाट पुसत आलोय. तेव्हा हे आतलं वाचन आजकालच्या कुणी सोयीसाठी काढलेलं नाही, परंपरेच्या मधोमध आहे. पण गंमत अशी की माऊली त्या श्लोकावर आधी अद्वैत सांगत बसत नाहीत, पोटातल्या गर्भाला जसा कुठलाच उद्योग माहीत नसतो तसे ते भक्त, असं म्हणतात. इतकं कोवळं चित्र भाष्यात नाही.

ओवी_दर_ओवी

सरळ_प्रश्न, तुमची शंका रास्त आहे आणि ती उडवून लावायची नाहीये मला.

मुळाला पाणी घालायचं, कबूल. मूळ कुठलं ते ओळखायचं कसं? त्या कान-डोळ्यांच्या दृष्टांतानंतरची ओवी बघा. मला न जाणता केलेलं भजन भलतीकडेच जातं, "म्हणौनि कर्माचे डोळे ज्ञान । तें निर्दोष होआवें". दुरुस्ती कुठे सांगितली? डोळ्यात. हात कुठल्या मूर्तीपुढे जोडलेत त्याच्याआधी बघणाऱ्याचा डोळा निर्दोष झाला का ते. शनीला तेल घालणारा भीतीने घालतो, तो मुळाला न ओळखता फांदीला घाबरतोय, तो या ओवीत सापडणारच. त्याला "सकटचि मी" चा आधार मिळत नाही कारण त्याला सगळं एक दिसतच नाहीये, त्याला शनी नावाचा एक वेगळा कुणीतरी दिसतोय आणि त्याची भीती वाटतेय.

आणि आतला अर्थ सोपा आहे असं वाटत असेल तर अठराव्यात या. "सर्वधर्मान्परित्यज्य मामेकं शरणं व्रज". बाहेरून घेतलं तर एका देवाला शरण जा, बाकी सोडा. माऊली काय मागतात? "आपुलिया भेदेंविण । माझें जाणिजे जें एकपण । तयाचि नांव शरण". आणि पुढे तर जवळजवळ रागावून, "मजही शरण रिघिजे । आणि जीवत्वेंचि असिजे", मला शरण यायचं आणि तरी जीवपणानेच राहायचं, असं बोलायला बुद्धीला लाज कशी वाटत नाही! टाक नदीत सोडायला एक दुपार पुरते. इथे "मी" सोडायला सांगितलंय. बाहेरचा अर्थ मी खाऊन टाकत नाहीये हो, बाहेरचा अर्थ मला याच्यासमोर फार स्वस्त वाटतो.

वेरूळ_रोड

मी एरवी इथे फक्त वाचतो, पण "सगळं एक म्हटलं की भक्ती उरतेच कुठे" ही शंका बरेच दिवस माझीपण होती म्हणून लिहितो.

माऊलींच्याच अमृतानुभव या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात ओवी आहे: "देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा." एकच डोंगर कोरून देव, देऊळ, सेवक सगळं करतात ना, मग भक्तीचा व्यवहार तसा का होऊ नये. ही ओवी वाचून कळत नसेल तर वेरूळला 16 नंबरच्या लेण्यात, कैलासात, जाऊन उभं राहा. आठव्या शतकातलं राष्ट्रकूटांचं काम. वरून खाली कोरत आणलंय, बाहेरून एक दगड आणून बसवलेला नाही. नंदीच्या मंडपापाशी उभं राहून हात लावला तर जो खडक नंदीचा तोच समोरच्या देवळाचा आणि तोच आपण उभे आहोत त्या फरशीचा, मध्ये सांधा नाही कुठे. तरी नंदी देवाकडे बघतोच आहे. त्याने बघायचं थांबवलेलं नाही एकच खडक आहे म्हणून.

मला त्या दिवसापासून पूजा करताना हात थरथरत नाहीत की मी द्वैत करतोय का अद्वैत. आणि अठराव्याच्या शेवटी कृष्ण अर्जुनाला कडेवर घेतल्यासारखा मिठीत घेतो तिथे माऊली "द्वैत न मोडितां केलें । आपणाऐसें अर्जुना" म्हणतात. द्वैत न मोडता. ही जागा मी पारायणात नेहमी दोनदा वाचतो.

पंढरीची_लेक

नरहरी सोनारांचं कुणीच कसं नाव काढलं नाही?

पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड न बघणारे, इतके कट्टर शिवभक्त. म्हणजे मनवाताईंच्या दिरांसारखीच निष्ठा, फक्त दिशा उलटी. विठ्ठलाचा करगोटा घडवायचं काम आलं तेव्हा देवळात येणार नाही, माप आणून द्या म्हणाले. दागिना घडला पण बसेना, एकदा सैल, एकदा घट्ट. शेवटी डोळ्याला पट्टी बांधून आले आणि चाचपून माप घ्यायला लागले तर हाताला पाच मुखं लागली, गळ्यात साप लागला. अरे हा तर माझा महादेव, म्हणून पट्टी काढली तर समोर विठोबा. पुन्हा बांधली, पुन्हा शंकर. आमच्याकडे ही गोष्ट सांगताना म्हातारी माणसं इथे थांबतात आणि पोरांना विचारतात, मग पट्टी कशाची होती रे?

पुढे नरहरींनी शंकर सोडला असं कुणी सांगत नाही. "देवा तुझा मी सोनार । तुझे नामाचा व्यवहार" हा अभंग त्यांचाच. आणि माऊलींची स्वतःची गुरुपरंपरा बघा की, आदिनाथ म्हणजे शंकरच, तिथून मच्छिंद्र, गोरख, गहिनी, निवृत्ती. शंकराच्या घरचा माणूस कृष्णाच्या शब्दांवर टीका लिहितो आणि विठ्ठलाच्या वारकऱ्यांची आई होतो.

सरळ_प्रश्न

कर्माचे डोळे ज्ञान ही ओवी मी वाचून पुढे गेलो होतो नेहमी. विचार करतो. माझं अजूनही म्हणणं आहे की साधकाने सुरुवातीला एकच रूप धरावं, नाहीतर डोळा निर्दोष होईपर्यंत आयुष्य निघून जाईल. पण ते दुसऱ्याच्या देवघरातलं उचलून टाकण्यापर्यंत जात नाही, हे मान्य.

मनवा_सातारा

सगळ्यांचे खूप खूप आभार, काय लिहू कळत नाहीये. काल रात्री चौदाव्यातल्या त्या ओव्या सासूबाईंना वाचून दाखवल्या. थिजलेल्या तुपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या पुन्हा वाच.

एक मात्र मला स्वतःला टोचतंय आणि ते इथे विचारायलाच हवं. टाक काढायचे नाहीत हे आता नक्की. पण सोमवारचा बेल मी का वाहते? मुलाच्या नोकरीसाठी धरले होते ते सोमवार, खरं तेच आहे. नोकरी लागली, तरी बंद केले नाहीत, बंद केलं आणि काही झालं तर या भीतीने. म्हणजे तेराव्यातला तो माणूस थोडा मीपण आहेच ना? मग सोमवार सोडू का?

ओवी_दर_ओवी

सोडू नका, मागणं तेवढं सोडा. बेल वाहा आणि वाहताना काही मागू नका, एवढंच करून बघा. जमणार नाही लगेच, भीती वर येईल, येऊ द्या, ती कुठल्या देवाची आहे ते विचारा तिला. "सकटचि मी" मध्ये ती भीती बसते का ते बघा. एकदा बिनमागण्याचा सोमवार गेला की एकादशी आणि सोमवार यांच्यात तुम्हालाच फरक करता येईनासा होईल. आणि दहाव्यातली एक ओवी रोज म्हणा, "जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत । हा भक्तियोगु निश्चित । जाण माझा". दिवसभरात जो कोणी समोर येईल त्याच्यावर ती वापरायची. दीरसुद्धा आले त्यात.

पायी_वारी_आळंदी

दिरांना घालूनपाडून बोलू नका माऊली, नवीन माळ असली की असं होतं, मनात आग असते, ती चांगलीच असते. चौदावा त्यांच्याकडूनच वाचून घ्या, मोठ्याने, श्लोक 26 पासून अध्याय संपेपर्यंत. कुठलीही सार्थ प्रत चालेल, ओवीचे आकडे एक-दोनने पुढेमागे होतील तेवढंच.

आणि चंपाषष्ठीला तळी उचलायला पाच जण लागतात ना तुमच्याकडे? एका बाजूला त्यांना बोलवा. येळकोट म्हणताना तोंडात रामकृष्णहरी आलं तरी चालेल म्हणावं.

मनवा_सातारा

बोलावते. चौदावा या गुरुवारी ठेवलाय, ते वाचायला तयार झालेत. सासूबाईंनी अट घातलीय की वाचन देवघरासमोर व्हायचं आणि तेव्हा टाक ताम्हणात असतील, अभिषेकाला.